शेवटाआधी उठायचं

या उन्हाळ्यात मी अकोल्यात चार सिनेमे पाहिले. चारही शेवटाआधी सोडून बाहेर आलो.

टॉकीजच्या दारावरचा माणूस आता मला ओळखतो. पहिल्यांदा उठून आलो तर म्हणाला, "बाबा, बाथरूम डाव्या हाताले." दुसऱ्यांदा म्हणाला, "तब्येत बरी नाई काय?" तिसऱ्यांदा नुसतं दार धरून उभा राहिला. चौथ्यांदा मात्र त्याला राहवलं नाही.

"बाबा, आता तं खरी मजा होती. तुमी दरखेपी शेवट सोडून जाऊन राहिले."

म्हटलं, "उरलेला तू पाह्य."

"म्या तं रोजच पाहतो. सांगू काय, काय होते ते?"

"सांगशीन तं याद राख," म्हटलं आणि पायऱ्यांनी खाली आलो. सरकता जिना मला जमत नाही.

आता सिनेमे कसे होते ते सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस आहे, जन्मभर पिठाची गिरणी चालवली, तेव्हा मला जसं दिसलं तसं लिहितो. कोणी रागावू नये.

पहिला मारामारीचा होता. त्यात हिरो एका हातानं ट्रक थांबवतो. थांबवू दे, माझं काही म्हणणं नाही. पण धावता ट्रक असा थांबवला तर आतला ड्रायव्हर काच फोडून बाहेर येईल की नाही? त्या ड्रायव्हरचं काय झालं ते कोणी दाखवलंच नाही. ट्रक थांबला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, हिरो गाणं म्हणायला लागला. मी मात्र पुढं कितीतरी वेळ त्या ड्रायव्हरचाच विचार करून राहिलो होतो. खरं सांगायचं तर हा विचार माझा नाही. असे विचार माझी बायको करत होती. ती गेली, आणि तिचे विचार माझ्याकडे राहायला आले.

दुसरा सिनेमा आपल्याच भागातल्या गावाचा होता म्हणे. त्यात हिरोईन भर पावसात काळ्या वावरातून पळत येते आणि बांधावर उभी राहते तर पाय चांदीसारखे स्वच्छ. आमच्या मातीत पावसाळ्यात पाऊल टाकलं की चप्पल आत राहते आणि माणूस पुढं जातो. बायको हे पाहून मोठ्यानं हसली असती. टॉकीजात ती मोठ्यानंच हसायची. पुढचे लोक वळून पाहायचे, तर त्यांनाच म्हणायची, "इकडं काय पाहून राहिले बाप्पा, पिक्चर तिकडं हाये."

तिसऱ्यात भूत होतं. भुताला माझा विरोध नाही. पण हे भूत रात्रंदिवस भांडी पाडतं, दिवे घालवतं, पडदे ओढतं. मेलेलं माणूस आपल्या घरी परत आलं तर ते भांडी कशाला पाडेल? ते आधी दूध झाकलं आहे का ते पाहील. भूत झालेली बाई सोडून बाकी सगळे ओरडत होते. मला तिचीच कीव आली. तिच्याशी कोणी नीट बोलतच नव्हतं.

चौथा सुनेनं सांगितला म्हणून पाहिला. बायको मेलेल्या म्हाताऱ्याचा होता. तो रोज तिच्या फोटोसमोर बसून गोष्टी सांगतो, मग दोस्तांबरोबर पहाडावर फिरायला जातो, तिथं नाचायला शिकतो. माझ्या बाजूला एक पोरगी हुंदके देऊन रडत होती. मला रडू आलं नाही, राग आला. मी माझ्या बायकोच्या फोटोशी बोलत नाही. त्या फोटोत ती हसून राहिली आहे, पण ते तिचं हसणं नाही. फोटोवाल्यानं "हसा" म्हटलं म्हणून ती हसली. आणि बायको गेल्यावर माणूस पहाडावर जात नाही. तो सकाळी उठतो आणि चहापत्तीचा डबा कोणता ते त्याला माहीत नसतं. एक एक डबा उघडून वास घेत बसतो. एवढं जरी त्यांनी दाखवलं असतं तरी मी शेवटपर्यंत थांबलो असतो. नाही, थांबलो नसतो. खोटं काहून बोलू.

मी थांबत नाही, कारण एका सिनेमाचा शेवट माझ्या बायकोनं मला सांगायचा ठेवला आहे. तो ऐकल्याशिवाय मला दुसऱ्या कोणाचा शेवट पाहायचा नव्हता.

हे कोणाला सांगितलं तर समजत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमचं गाव दर्यापूरच्या पुढं आहे. लग्न झालं तेव्हा घरात माझी आई होती. सुनेनं टॉकीजात जाऊन बसावं हे तिला पटणारं नव्हतं. म्हणून आमच्या घरात सिनेमाला सिनेमा म्हणत नव्हते, पट्टा म्हणत होते. गिरणीचा पट्टा तुटला की तो आणायला मला अमरावतीला जावं लागे, आणि त्याच दिवशी नेमकी बायकोची दाढ दुखत असे. आई बरेच दिवस हे पाहत होती. मग एक दिवस तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुह्या गिरणीचा पट्टा शुक्रवारीच काहून तुटते रे?"

नवीन सिनेमा शुक्रवारी लागतो हे आईला कसं समजलं ते देव जाणे. मी मान खाली घातली. आई सुनेला म्हणाली, "जाय व माय. पन येतानी दाढ उपटून आनजो, मले दाखव."

पट्ट्याचं आणि दळणाच्या दगडांचं काम दुपारपर्यंत आटपायचं. मग स्टँडजवळ गिला वडा खायचा आणि तीनच्या शोला जाऊन बसायचं. अडचण एकच होती. दर्यापूरपर्यंत गाड्या खूप होत्या, पण आमच्या गावात मुक्कामाला जाणारी गाडी एकच, आणि ती सिनेमा सुटायच्या आधी सुटायची. तेव्हाचे सिनेमे लांब. हिरो गुंडाच्या अड्ड्यावर पोचला, सगळे बांधून ठेवलेले आहेत, हिरोची आई खांबाला बांधलेली आहे, की बायको मला कोपर मारायची. "चला. गाडी."

आम्ही वाकून वाकून लोकांच्या पायांवरून बाहेर यायचो आणि स्टँडकडे पळायचो. तिच्या एका हातात पिशवी, माझ्या खांद्यावर खराच नवा पट्टा. असे आम्ही जन्मभर सिनेमे पाहिले. शेवट कोणताच पाहिला नाही.

शेवट ती सांगायची. गाडीत खिडकीची जागा तिची. वलगाव जाईपर्यंत बोलायची नाही, बाहेर पाहत बसायची. मला वाटायचं झोपली. मग एकदम म्हणायची, "आयका."

तिच्या शेवटात हिरोला फार जागा नसायची. एक सिनेमा मला चांगला आठवतो. जत्रेत हरवलेले दोन भाऊ, एक पोलीस, एक चोर. आम्ही उठलो तेव्हा दोघं एकमेकांवर पिस्तूल धरून उभे. मी गाडीत बसल्यापासून विचार करतो आहे की आता हे एकमेकांना कसे ओळखणार. आणि ही म्हणते, "त्या दाईचं काय झालं?"

"कोनती दाई?"

"अवो, सुरुवातीले नाई काय, ज्या दाईनं त्या लेकरायचं बाळंतपन केलं. तिले सगयं माहीत होतं. ते कोठी गेली?"

"तिचं काय घेऊन बसली तू? त्या दोघायचं सांग."

"सांगून राहिली ना. ते दोघं तिले शोधत जातात. ते आता म्हातारी झाली, तिले ऐकू येत नाई. हे दोघं कानापाशी ओरडून सांगतात, आमी अमक्याचे पोरं हावो, आन् ते म्हनते, आंधी जेवा."

"मंग मारामारी कवा होते?"

"झाली ते. आपुन गाडी पकडाले पयत होतो तवा झाली."

मी भांडायचो. मला मारामारी हवी असायची, नाहीतर निदान गुंडाला शिक्षा. ती म्हणायची, गुंडाच्या घरी पण कोणी वाट पाहत असेल, त्याला शिक्षा तुम्ही द्या, मी देत नाही. पुढच्या सीटवरचे लोक कान देऊन ऐकायचे. खोलापूरचा एक माणूस ऐकता ऐकता आपल्या गावाच्या पुढं निघून गेला आणि त्यानं कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या. मध्येच कंडक्टर तिकिटाला आला की ती बोलणं थांबवायची आणि माझ्याकडे पाहून हाताचा पंजा जरासा उचलायची. म्हणजे थांबा, राहिलंय अजून, सांगतो. आमच्याकडे बाया पण "सांगतो" म्हणतात. तो कंडक्टर गेला की पुन्हा तिथूनच सुरू.

एकदाच आम्ही खरा शेवट पाहिला. एसटीचा संप झाला होता, गाडीच नव्हती, मग उठायचं कशाला म्हणून बसून राहिलो. हिरोनं गुंडाला मारलं, पोलीस आले, सगळे हसले, फोटो काढल्यासारखे उभे राहिले. दिवे लागले. ती जागची हलली नाही. मग म्हणाली, "एवढंच?"

म्हटलं, "एवढंच."

"त्या टांगेवाल्याच्या घोड्याचं काई दाखवलंच नाई."

त्या दिवशी ती माझ्याशी नीट बोलली नाही, जसं काही मीच तो सिनेमा काढला होता. पुढं आई गेली, पट्ट्याचं निमित्त लागेना. काळीपिवळी जिपा सुरू झाल्या, वाटेल तेव्हा घरी जाता येत होतं. मुलाला अकोल्यात नोकरी लागली, त्यानं आम्हाला मोबाईल दिले. मुक्कामी गाडी तर कधीच बंद झाली. तरी शेवट आला की तिचं कोपर यायचंच. एकदा मी म्हटलं, "आता कोनती गाडी पकडाची हाये?" तर म्हणाली, "त्यायचा शेवट त्यायले राहू द्या. मले आपला पाह्यजे."

आम्ही दोघांनी मिळून पाहिलेला शेवटचा सिनेमा अमरावतीला पाहिला. मारामारी नव्हती. पहाडातलं एक लहान स्टेशन. तिथं दिवसाला एकच गाडी थांबते. एक बाई प्लॅटफॉर्मवर चहाची टपरी चालवते. नवरा जहाजावर कामाला गेलेला, त्याचा बरीच वर्षं पत्ता नाही. स्टेशनवर एक म्हातारा हमाल आहे, पायानं अधू. तिथं उतरतच कोणी नाही, त्यामुळे त्याला उचलायला सामान नाही. तरी तो लाल सदरा घालून रोज गाडीला उभा राहतो आणि गाडी गेली की त्या बाईच्या टपरीवर चहा पितो. शेवटी नवऱ्याची चिठ्ठी येते की मी अमक्या दिवशी येतो. बाई नवं लुगडं नेसून प्लॅटफॉर्मवर येते. धूर दिसतो, गाडी आत येते आहे, बाई उभी आहे.

तिथं कोपर आलं.

जीपमध्ये ती खिडकीशी बसली. वलगाव गेलं. मी वाट पाहून राहिलो होतो. खोलापूर गेलं. शेवटी मीच विचारलं, "कोन उतरलं व गाडीतून?"

"आज नाई. पाठ दुखून राहिली. उद्या सांगतो."

तिनं शेवट उद्यावर टाकला असं आधी कधी झालं नव्हतं. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं, पण माणसाला पाठदुखी म्हणजे पाठदुखीच वाटते. दुसऱ्या दिवशी दुखणं छातीपर्यंत आलं. मुलानं गाडी पाठवून दोघांनाही अकोल्याला बोलावून घेतलं. एक रात्र त्याच्या घरी राहिलो. सकाळी दवाखान्यात नेलं तर तिला ठेवूनच घेतलं.

छातीत पाणी झालं होतं. तोंडावर मास्क लावला होता, काढला की दम लागायचा, म्हणून बोलायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं. नर्सबाई चांगली होती, मला कोपऱ्यातला स्टूल द्यायची. मी तिथं बसायचो. बसून काय बोलायचं? आम्ही दोघं समोरासमोर बसून बोलणारी माणसं नव्हतो. आम्ही बाजूबाजूला बसून बोलत होतो, आणि समोर काहीतरी चालू असायचं, पडदा नाहीतर रस्ता. दवाखान्यात समोर भिंत होती.

एक दिवस न राहवून मी वाकलो आणि विचारलं, "कोन उतरलं ते तं सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं. चादरीवरचा हात जरासा उचलला, पंजा माझ्याकडे केला. कंडक्टर आला की करायची तसाच. थांबा, सांगतो.

मी थांबलो. तिथून मला कोणती गाडी पकडायची नव्हती. मुलगा म्हणाला, घरी जाऊन अंघोळ करून या, तरी मी गेलो नाही. तो शेवट मी पुरा पाहिला. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. गाणं नाही, कोणी धावत येत नाही, कोणी शेवटचं काही बोलत नाही. तिनं श्वास सोडला आणि मी पुढच्या श्वासाची वाट पाहत बसलो. नर्सबाई आली, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तरी मी वाटच पाहून राहिलो होतो.

एवढंच, असं ती म्हणाली असती.

त्यानंतर मुलानं मला गावात एकटं राहू दिलं नाही. गिरणी पुतण्याला दिली. मी अकोल्याला आलो. सून चांगली आहे, बायकोला आई म्हणायची, मला मामाजी म्हणते, कमी बोलते, माझ्या चहात साखर किती हे तिला न विचारता समजतं. तिनंच एक दिवस म्हटलं, "मामाजी, घरात बसून बसून काय करता, पिक्चर पाहून या." तेव्हापासून मी जातो. शेवटाआधी उठतो आणि चालत घरी येतो. चालता चालता पुढचं काय झालं ते स्वतःला सांगून पाहतो. मला येत नाही. माझे शेवट असे की हिरो गुंडाला मारतो, पोलीस येतात. त्या ट्रकच्या ड्रायव्हरला मी काचेतून बाहेर काढून रस्त्याच्या कडेला बसवलं, पाणी पाजलं, आणि पुढं काय करावं ते मला सुचेना. ती असती तर त्याच्या बायकोला फोन गेला असता, कोणती भाजी टाकायची यावर दोघांचं भांडण झालं असतं, आणि खोलापूर आलं असतं. जन्मभर मी तिच्या शेवटांना नावं ठेवली. ते करणं किती अवघड आहे हे आता समजून राहिलं.

मागच्या महिन्यात एका दुपारी सून टीव्हीसमोर काहीतरी खटपट करून राहिली होती. म्हणाली, "मामाजी, तो स्टेशनवाला पिक्चर आता घरीच पाहाले भेटते. लावू काय?"

टॉकीजातून तो कधीच गेला होता, तो परत समोर येईल असं वाटलं नव्हतं. नको म्हणणार होतो. पण त्या सिनेमात तिच्या बाजूला बसून मी जे पाहिलं होतं ते पुन्हा पाहावंसं वाटलं. म्हटलं, लाव.

आम्ही दोघं पाहत बसलो. टपरी आली, हमाल आला. हमाल चहात पाव बुडवतो तिथं बायको हसली होती, ते मला आठवलं. चिठ्ठी आली. बाई लुगडं नेसून प्लॅटफॉर्मवर आली. धूर दिसला. माझ्या डाव्या कोपराला कोणी हात लावला नाही, तरी मी उठलो आणि दाराशी जाऊन चपलेत पाय घातला.

सुनेनं टीव्ही थांबवला. ती बाई पडद्यावर उभीच राहिली, गाडी अर्धी आत आलेली.

"जाऊन राहिले काय, मामाजी?"

"हो. तू पाह्य."

"मले तं पाहाचं होतं, आईनं सांगितलं तसंच होते काय ते."

माझ्या एका पायात चप्पल होती. दुसरी तशीच राहिली.

"आईनं काय सांगितलं?"

"याचा शेवट. तुमी दोघं आले होते ना, दवाखान्यात जाच्या आंधी, त्या रात्री. आई माह्याजवय स्वयपाकघरात बसल्या होत्या, मेथी निवडत."

मला आधी काय वाटलं ते सांगतो. मला राग आला. मला उद्या सांगतो म्हणाली, आणि सुनेला सांगून मोकळी झाली.

"तुले काहून सांगितलं? माहा होता तो."

सून घाबरली. म्हणाली, "त्याच म्हनत होत्या, हे लय भांडतात, म्हून आंधी तुह्यावर सांगून पाहातो. दरवेळेस म्हने आंधी मनातल्या मनात सांगून पाहात जात, तुमाले माहीत नव्हतं काय?"

मला माहीत नव्हतं. मी समजत होतो की ते तिला खिडकीत बसल्या बसल्या सुचतं. पण ज्या दिवशी सिनेमा पाहिला त्याच दिवशी गाडीत सांगायची, तेव्हा सांगून कधी पाहत होती? मग आठवलं की वलगावपर्यंत ती बोलायची नाही. तेवढ्या वेळात ती स्वतःवरच सांगून पाहत असेल.

मी दाराशीच खुर्ची ओढून बसलो. "सांग," म्हटलं.

"नवरा उतरते."

"उतरते?"

"उतरते. हातात मोठी पेटी. पन ते बाई त्याच्याइकडं पाहात नाई. ते आंधी त्या हमालाले आवाज देते. म्हनते, बाबा, आज सामान हाये, उचला."

"त्याच्या डोक्यावर? त्याचा तं पाय अधू हाये."

"मी पन हेच म्हनलं आईले."

"मंग?"

"तं म्हने, पाय अधू हाये, डोकं नाई. मंग तो म्हातारा खाली बसते, नवरा आन् बाई दोघं मियून ते पेटी त्याच्या डोक्यावर देतात, तो उठून उभा राहते. आन् मंग..."

"आन् मंग?"

सून पदराशी चाळा करून राहिली.

"मंग तुमी आवाज देला, मामाजी."

"म्या?"

"तुमी समोरच्या खोलीतून म्हनलं, माहा चष्मा कोठी ठेवला व. आई उठून गेल्या. चष्मा तुमच्या कपायावरच होता. त्या हसत परत आल्या, तवर माह्या पोया करपून राहिल्या होत्या. जेवनं झाल्यावर म्या इचारलं, आई, मंग पुढं काय होते? तं म्हने, उरलेला यायचा हाये. आंधी यायले सांगतो."

पंख्याचा आवाज येत होता. पडद्यावर ती बाई तशीच उभी होती. सून म्हणाली, "लावू काय पुढं?"

म्हटलं, "बंद कर."

तिनं बंद केला. मी दुसऱ्या पायात चप्पल घातली आणि खाली जाऊन रस्त्यावर उभा राहिलो, जशी काही गाडी येणार होती.

तेव्हापासून मी टॉकीजात गेलो नाही. दारावरचा माणूस म्हणत असेल, म्हातारा गेला. सुनेला मी मध्ये मध्ये म्हणतो, ते सांग. ती सांगते. तिला आता बायकोसारखं सांगता येऊन राहिलं, पाय अधू हाये, डोकं नाई, हे ती अगदी तशीच म्हणते. मी तेच भांडण करतो. मग हमाल पेटी घेऊन उभा राहतो आणि सून थांबते, कारण पुढचं तिला माहीत नाही. मलाही नाही. सिनेमावाल्यांनी जे दाखवलं असेल ते मला पाहायचं नाही.

नवऱ्याचं आणि त्या बाईचं काय होतं याची मला आता काळजी वाटत नाही. ते दोघं भेटले. मला त्या म्हाताऱ्याची काळजी वाटते. गिरणीवर बाया दळणाचं पोतं डोक्यावर घेऊन यायच्या, दारात उभ्या राहायच्या, आणि मी उठून हात लावायचो. डोक्यावरचं ओझं एकट्यानं उतरवता येत नाही, समोर कोणीतरी लागतं. तो म्हातारा अधू पायानं पेटी घेऊन प्लॅटफॉर्मवर उभा आहे, कुठं जायचं ते त्याला कोणी सांगितलेलं नाही, आणि ती उतरवून घ्यायला मला तिथं जाता येत नाही.